आत्याच्या वहीतल्या चाली

गेल्या कोजागरीच्या आधी आमच्या जुन्या जालन्यात ज्येष्ठांसाठी गाण्याचा कार्यक्रम ठरवायला बैठक बसली होती. कोणती गाणी घ्यायची यावर बोलणं सुरू झालं आणि एका शिकलेल्या, कामसू तरुणानं प्रश्नच निकालात काढला. माणसाची गाण्याची आवड तेहतिसाव्या वर्षी थांबते, हे आता आकड्यांनी सिद्ध झालंय, असं तो म्हणाला. म्हणून साठीच्या पुढच्यांना त्यांच्या तरुणपणची सिनेमाची गाणी आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांसाठी शेवटी दोन भजनं. सगळ्यांनी माना हलवल्या, समोर बसलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा. मीही चौसष्ट वर्षांची, तिथंच बसलेली, आणि मी गप्प राहिले. त्याची टोचणी अजून जात नाही. तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता देते.

त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, आणि तो समज त्याच्या एकट्याचा नाही. म्हातारी माणसं स्वतःच म्हणतात, आता आमचे कान जुने झाले. आईबाप म्हणतात, पोरांना शास्त्रीय गाणं काय कळणार, त्यांना कशाला न्यायचं? प्रत्येक वयाला गाण्याचं एकेक घर नेमून दिलंय आणि दाराला बाहेरून कडी घातलीय. मला ही कडी मान्य नाही.

आधी ते आकडेच पाहू. १९८९ साली मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी सोळा ते शहाऐंशी वर्षांच्या १०८ माणसांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ गाण्यांचे छोटे छोटे तुकडे ऐकवले. आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना जे गाणं गाजत होतं ते लोकांना सगळ्यात जास्त आवडतं, असं त्यांना दिसलं. दोघेही ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणारे, आणि गाणीही बाजारात गाजलेलीच निवडलेली. गाजलेलं गाणं दोन-चार हंगाम सगळीकडे वाजतं आणि मागे पडतं. तेविशीत माणूस मित्रांत असतो, हॉटेलात असतो, सिनेमाला जातो, म्हणून त्याच्या कानावर ते जास्त पडतं. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यानं एवढंच कळतं की तो तुकडा ओळखीचा वाटला. दहा वर्षं एखाद्या गाण्यासमोर बसल्यावर त्या माणसाच्या आत काय झालं असतं, याचा अंदाज त्यातून कसा बांधणार?

तेहतिशीचा आकडा २०१५चा आहे. स्पॉटिफायवरच्या अमेरिकन श्रोत्यांच्या नोंदींवरून तो काढलेला. त्यात मोजलं होतं ते हे, की वय वाढतं तसा माणूस त्या घडीच्या लोकप्रिय गाण्यांपासून किती लांब जातो. याची दोन कारणं त्याच विश्लेषणात दिली होती. एक, लोक आपल्या तरुणपणच्या गाण्यांकडे परततात. दुसरं, लहानपणी रेडिओवर कधी कानावर न आलेले गाण्यांचे प्रकार त्यांना पुढे सापडतात आणि ते तिकडे वळतात. म्हणजे ज्या आकड्यानं कान बंद झाल्याचं सांगितलं जातं, त्याच्या पोटातच कान नव्या जागी गेल्याची कबुली आहे. बैठकीत पहिलं कारण पोचलं, दुसरं वाटेत गळालं.

अडीच लाखांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वय वाढतं तसं गाण्याला दिलेला वेळ कमी होतो, हे त्यात दिसलं. पण कोणत्या प्रकारचं गाणं आवडतं हे आयुष्यभर सरकत राहतं, हेही दिसलं. वेळ कमी होणं आणि आवड गोठणं या दोन गोष्टी एक नाहीत. तिशी-पस्तिशीतल्या बाईला विचारा. कडेवर मूल, चुलीवर भाजी, सासऱ्यांची औषधं. नवं गाणं शोधायला तिला फुरसत नसते. तिचे कान शाबूत असतात.

आता माझ्याजवळचा पुरावा. तो एका वहीत आहे.

माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची. मंठा तालुक्यात तिचं गाव. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळात ती लग्न होऊन आल्यापासून आहे. तिची भजनाची वही शंभर पानी, दोन वेळा दाभणानं शिवलेली, वर कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर. प्रत्येक अभंगाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे दोन टिंबं आणि मग एखाद्या सिनेमाचं नाव. ज्यांनी भजनी मंडळाच्या वह्या पाहिल्यात त्यांना ही रीत ठाऊक आहे. अभंग तुकोबांचा किंवा नाथांचा, आणि तो म्हणायचा त्या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. सुरुवातीच्या पानांवर 'बैजू बावरा' आहे, 'नागिन' आहे. हे १९५२ आणि १९५४चे सिनेमे, म्हणजे आत्या परकर-पोलक्यातली पोर होती तेव्हाचे.

त्या तरुणाचा नियम खरा असता तर ही वही १९७४च्या सुमारास थांबायला हवी होती, कारण तेव्हा आत्या तेहतीसची झाली. १९७५ला 'जय संतोषी माँ' आला. गावोगावच्या बायका बैलगाड्या जुंपून तो बघायला गेल्या, चपला बाहेर काढून आत बसल्या. वहीत त्या सिनेमाचं नाव चार ठिकाणी आहे. पुढे 'माहेरची साडी' आहे, १९९१चा. तेव्हा आत्या पन्नाशीत. आणि शेवटून तिसऱ्या पानावर, नातवाच्या अक्षरात, 'सैराट'. २०१६ साल, वय पंच्याहत्तर. नाचाचं गाणं नव्हे, त्यातलंच एक संथ गाणं. त्या चालीत तिनं नाथांचा अभंग बसवलाय आणि तिच्या मंडळातल्या पंधरा बायका तो म्हणतात.

सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणं पुष्कळ कीर्तनकारांना खपत नाही, आणि त्यांचं काही चुकतं असंही मी म्हणणार नाही. काही चालींना शब्दांचं ओझं पेलत नाही. 'विठ्ठल' या शब्दावर नको तिथं ठेका पडतो आणि अर्थ मोडतो. यावरून आत्याचं आणि माझं वाजलेलंही आहे. पण आज मुद्दा चांगल्या-वाईटाचा नाही. साठ वर्षं एक बाई नव्या चाली उचलतेय, आपल्या गळ्यात बसवतेय, न बसणाऱ्या टाकून देतेय. हे जिवंत आवडीचं लक्षण नसेल तर दुसरं कोणतं?

वहीत न बदललेलंही आहेच. शब्द. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच तुकोबा, तेच एकनाथ, अधूनमधून जनाबाई आणि रामदास. रामदासांचं जांब आमच्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं. शब्द धरून ठेवले म्हणून चाल सोडता आली. हे मला फार उशिरा कळलं. आवड थांबली की बदलली, असा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. एक हात दाव्याला घट्ट असतो म्हणून दुसरा मोकळा होतो.

याच्या अगदी उलटी गोष्टही मराठवाड्यानं पाहिली आहे. वयाचा सिद्धांत जिथं पार मोडतो ती जागा हीच.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या गावागावांतल्या दलित वस्त्यांमधून देवादिकांची गाणी उतरली आणि बुद्ध-भीमाची गाणी चढली. हा बदल नुसत्या तरुणांनी केला नाही. चाळीस वर्षांच्या, साठ वर्षांच्या माणसांनी केला. ज्यांचं अख्खं तारुण्य एका प्रकारच्या गाण्यात गेलं होतं, त्यांनी ते गाणं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म १९२२, गावोगाव फिरले, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या गर्दीत नातवंडांइतक्याच आज्या होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या ओठावर तोवर जात्यावरची ओवी होती, सीतेची, माहेराची, पंढरीची.

त्या ओवीचं काय झालं? गी पोइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात गोदावरीपलीकडच्या माजलगाव भागातून त्यांना ज्या ओव्या मिळाल्या त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांची रास आहे. आईकडून, आजीकडून आलेली जात्याची लय बायकांनी सोडली नाही. त्या लयीत बसणारा राजा बदलला. आत्याच्या वहीत शब्द राहिले आणि चाल गेली. इथं चाल राहिली आणि शब्द गेले. दोन्हीकडे पोक्त बायका, आणि दोन्हीकडे त्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुमची आवड कितव्या वर्षी थांबली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. ही आवड नव्हे, ही निष्ठा आहे, असं कुणी म्हणेल. भीमगीत बाबासाहेबांवरच्या प्रेमापोटी म्हटलं जातं, गाण्याच्या गोडीपोटी नाही. मी विचारते, वीस वर्षांच्या मुलाला जे गाणं आवडतं ते निव्वळ सुरांमुळे आवडतं का? ते मित्रांमुळे आवडतं, पडद्यावरच्या चेहऱ्यामुळे, एस.टी. स्टँडवर दिसलेल्या मुलीमुळे आवडतं. गाणं माणसात कधीच एकटं शिरत नाही, कशाचा तरी हात धरून येतं. विशीत प्रेमाचा हात धरून आलं तर त्याला आवड म्हणायचं, आणि पन्नाशीत स्वाभिमानाचा हात धरून आलं तर दुसरं काही म्हणायचं, हा न्याय नाही. शिवाय प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचं गाणंही गायले आणि भीमगीतंही. त्या गळ्यावर जीव टाकणारी माणसं मी दोन्ही वस्त्यांत पाहिली आहेत. गळ्याची गोडी कळल्याशिवाय हे होत नाही.

मराठी गाण्याच्या इतिहासात असे दाखले हवे तेवढे. पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या एप्रिलपासून गदिमा-सुधीर फडक्यांचं 'गीतरामायण' सुरू झालं, छप्पन्न गाणी, वर्षभर. तेव्हा पन्नाशीत असलेल्यांची विशी बालगंधर्वांच्या नाटकांत गेली होती. त्या गाण्याचा आणि या गाण्याचा पोत वेगळा. पण रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून समोर बसणाऱ्यांत तीच पिढी पुढे होती.

पेटीचीही गोष्ट अशीच. भजनात पेटी नसेल तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते भजनच वाटत नाही. ती परंपरा आहे, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. पेटी आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकात. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं ती परकी आणि आपल्या गाण्याला न मानवणारी म्हणून बंद केली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. एका पिढीनं जे नवं म्हणून घेतलं ते दुसरीचं जुनं झालं. आज ज्याला आपण 'आमच्या काळचं' म्हणतो ते कुणीतरी, बहुधा केस पिकल्यावरच, नवं म्हणून स्वीकारलेलं असतं.

आता माझ्या स्वतःच्या कानाचं सांगते.

अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव होतो, गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेला. मार्गशीर्षातली पौर्णिमा, थंडी, अंगावर शाल. मी तिथं पहिल्यांदा गेले चौथीत असताना, आणि आईच्या मांडीवर झोपले. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर गेले, तेव्हा विलंबित सुरू झालं की आम्ही चहाला उठायचो आणि द्रुत लागलं की परत यायचो. त्या वयातलं माझं खरं गाणं रेडिओवर होतं, बुधवारी रात्री आठचं, अमीन सयानींच्या आवाजातलं. ते आजही लागलं तर पोटात कालवतं. हे मी नाकारत नाही. तरुणपणच्या गाण्याची ती पकड खरी आहे, आणि सगळं विसरलेल्या माणसालाही त्याचं जुनं गाणं ओळखू येतं, हे मी घरात पाहिलं आहे.

पण मी चव्वेचाळीस वर्षांची असताना, एका वर्षी, विलंबिताला उठले नाही. काय झालं ते नेमकं सांगता येत नाही. गायक एका सुराभोवती फिरत होता, पुढे जात नव्हता, आणि प्रथमच मला त्याच्या न जाण्याचा कंटाळा आला नाही. तो तिथं का थांबलाय हे कळू लागलं. घरी आले तेव्हा पहाट झाली होती. आपल्या भाषेत याला शब्द आहे, कान तयार होणं. गळा तयार व्हायला वर्षं लागतात तशी कानालाही लागतात, म्हणून तर आपण तानसेनाच्या जोडीला कानसेन म्हणतो. तेविशीत आवड पक्की होते असं मानलं तर या शब्दाला अर्थच उरत नाही. रेडिओवरच्या त्या गाण्याची मला ओळख आहे, खोल आणि न पुसणारी. विलंबिताची गोडी लागली आहे. ओळख लवकर होते, गोडी लागायला काळ जावा लागतो. आकडे मोजणारे ओळख मोजतात आणि तिला आवडीचं नाव देतात.

तो आईच्या मांडीवरचा मुक्कामही वाया गेला नव्हता. अमेरिकेत २०१३ साली कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या मुलांना १९५५पासूनची गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या जन्माआधीच्या, म्हणजे आईबापांच्या तरुणपणच्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं निघालं, आणि त्याहून मागच्या १९६०च्या दशकातल्या गाण्यांशीही. घरात वाजतं ते मुरतं. म्हणून पोरांना हे कळणार नाही असं म्हणून जे आईबाप मुलांना घरी ठेवून अंबडला येतात, त्यांना मी हात जोडून सांगते, मांडीवर झोपू द्या, पण आणा.

राहिला डीजे. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही, कारण म्हाताऱ्यांना नवं गाणं सोसत नाही याचा पुरावा म्हणून मिरवणुकीतली त्यांची तोंडं दाखवली जातात. वयाबरोबर कानाची उंच पट्टीतलं ऐकण्याची शक्ती आधी जाते. शब्द ओळखायला लागणारी स, श, त, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. खालच्या पट्टीतला दणका मात्र पुरा ऐकू येतो. कमी आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज लगेच दुखतो, अशी त्या कानाची अडचण असते. म्हणून आजोबा म्हणतात, नव्या गाण्यातले शब्दच कळत नाहीत. खरंच कळत नसतात. जुन्या गाण्यातले तरी कुठे ऐकू येतात? ते पाठ असतात, मन भरून काढतं. यात गाण्याचा दोष नाही आणि आवडीचाही नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्या मर्यादेत वाजवा आणि मग विचारा, गाणं आवडलं का.

मी विचारलं. या पावसाळ्यात आत्या आठ दिवस माझ्याकडे होती. खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलं एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात कामाला आहेत, बिहारची. पाळीवरून आली की त्यांचं भोजपुरी गाणं लागतं. एका दुपारी आत्या म्हणाली, "हे काय वाजायलंय गं? चाल बरी हाय." मी एका पोराला वर बोलावलं. त्याला आधी वाटलं आवाजाची तक्रार आहे. मग त्यानं फोन टेबलावर ठेवला, आवाज बेताचा केला, आणि मी त्याला एकेक ओळ सावकाश बोलायला लावून आत्याला मराठीत सांगितली. छठपूजेचं गाणं होतं, सूर्याला अर्घ्य देणाऱ्या बायकांचं. आत्यानं ते चार वेळा लावायला लावलं. चौथ्या वेळी तिचा हात मांडीवर ठेका धरत होता.

यंदाच्या कोजागरीच्या बैठकीत मी तीन मागण्या लेखी देणार आहे. कार्यक्रमात अर्धा तास या वर्षीची गाणी असावीत, प्रत्येक नव्या गाण्याआधी त्याचे शब्द वाचून दाखवावेत, आणि आवाज दोघं शेजारी बोलू शकतील इतका असावा. भजनं शेवटी ढकलू नयेत, हे तोंडी सांगेन.

आत्या गावी परत गेली तेव्हा वही इथंच विसरली होती. पोचवायच्या आधी मी उघडून पाहिली. शेवटच्या पानावर तिच्या थरथरत्या अक्षरात जनाबाईंचा एक अभंग उतरवलेला आहे. वर 'चाल' लिहून दोन टिंबं दिलीत आणि पुढची जागा कोरी सोडलीय. त्या गाण्याचं नाव तिला लिहिता आलं नसावं. मी खाली जाऊन त्या मुलाला विचारलं, त्यानं ते देवनागरीत लिहून दिलं. चिठ्ठी वहीत ठेवली आहे.